वरल्या पाण्यावरची हाक

गुळाच्या काहिलीत बसून मी आयुष्यात एकदाच पाणी ओलांडलं, आणि तेही जमिनीपासून सहा पुरुष उंचीवर. हे सांगितलं की शहरातले लोक माझ्याकडं संशयानं बघतात. आमच्या भागातल्या माणसाला मात्र त्यात काही विशेष वाटत नाही. नदीला पूर आला की काहिली पाण्यात उतरतातच. उसाचा रस आटवायची ही लोखंडी कढई. कढई म्हणजे स्वयंपाकघरातली नव्हे, सहा माणसं मांडी घालून बसतील एवढी रुंद, सपाट बुडाची, हातभर उंच काठाची. गुऱ्हाळ चालू असलं की तिच्यात रस उकळतो. नसलं की ती पालथी पडलेली असते आणि पोरं तिच्यावर दगड मारून घंटा वाजवतात. मीही वाजवली आहे आणि त्यासाठी मारही खाल्ला आहे.

आमचं गाव कोल्हापूरच्या दक्षिणेला, बैलगाडीनं एका दिवसाच्या वाटेवर. घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालायचं. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो, आईला अव्वा, थोरल्या बहिणीला अक्का. अप्पांचं गुऱ्हाळ होतं आणि गूळ शाहूपुरीच्या नव्या पेठेत जायचा. गुऱ्हाळाच्या मागून एक जुना पाट वाहायचा. तो पलीकडच्या डोंगराखालच्या तळ्यातून निघून आमच्या शिवारात येई, पण वाटेत एक खोल ओढा होता. तो ओढा पाटाचं पाणी दगडी पुलावरून ओलांडायचं. माणसांसाठी नव्हे, फक्त पाण्यासाठी बांधलेला पूल. खाली कमानी, आणि वर दोन भिंतींच्या मधून वाहणारं कमरेएवढं पाणी. बांधकाम बादशाही वेळचं आहे असं म्हणत. आम्ही त्याला 'वरलं पाणी' म्हणायचो.

वरल्या पाण्याची एक गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. पूल बांधताना मधला खांब काही केल्या उभा राहीना. तेव्हा ठरलं, की सकाळी भाकरी घेऊन जी बाई पहिली येईल तिला खांबात चिणून घ्यायचं. आली ती पाथरवटांच्या मुकादमाचीच बायको. ती काठावर थबकली, तशी नवऱ्यानंच तिला हाक मारली. बायकोचं नाव घ्यायचं नसतं म्हणून नुसतंच "अगं, ये की" म्हणाला, आणि ती गेली. तेव्हापासून ती खांबातून हाका मारते, आणि तिला कुणी नावानं बोलावलं नाही म्हणून तीही कुणाला नावानं बोलवत नाही.

आमच्या गावचा नियम यातूनच निघालेला, ओढ्यापलीकडं तो कुणी पाळत नसे. वरल्या पाण्याजवळ कुणाला बोलवायचं तर नावानंच बोलवायचं. नुसती हाक आली तर वळायचं नाही, ओ द्यायची नाही, थांबायचं नाही. आणि पुलावर असताना तोंडच उघडायचं नाही. हसण्यावारी नेणारे लोक आमच्याकडंही होते, पण तेही हसायचे ते घरी येऊन. अप्पांना देवळात हात जोडताना मी फारसं पाहिलं नाही, पण हा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

कोल्हापूरचे महाराज गादीवर येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी दहा वर्षांची असेन. त्या हिवाळ्यात गाठीचा रोग आमच्या भागात शिरला. आधी घराघरांत उंदीर मरून पडायला लागले, मग माणसं. गाव उठलं आणि शिवारात खोपी घालून राहायला गेलं. मागं राहिलेल्या घरांची कौलं काढून टाकली होती, आत ऊन पडावं म्हणून. त्या नुसत्या वाशांच्या घरांकडं खोपीतून बघताना मला भीती वाटायची. दिवसासुद्धा वाटायची. आपल्याच घरात आपण नाही आणि तरी कुणीतरी आहे, असं काहीतरी वाटायचं, आणि ते कुणाला सांगावं तर "तोंड वाजवू नको" म्हणून पाठीत धपाटा मिळायचा.

अक्का ओढ्यापलीकडच्या गावात दिलेली. तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिच्या गावात रोगानं आमच्यापेक्षा जोर धरला होता आणि ओढ्याच्या उताराला पहारा बसला होता. त्या बाजूनं जो येईल त्याला आधी छावणीत ठेवायचे, किती दिवस ते नक्की कुणाला माहीत नसायचं. त्या छावणीला सगळे कारंटीन म्हणत. पहाऱ्यावरचे लोक काही राक्षस नव्हते, त्यांना हुकूम होता. पण तिथं गेलेली काही माणसं परत आलेली नव्हती. दिवस भरलेली पोर तिथं आजाऱ्यांच्या शेजारी बाळंत होणार, या विचारानं अव्वाला घास जात नव्हता. अक्काला पहारा चुकवून आणायचं, आणि तेही चार दिवसांच्या आत, एवढाच विषय आमच्या खोपीत चालू होता.

ओढा उतरून चढणं अक्काला शक्य नव्हतं, दोन्ही बाजूंना कडे आणि करवंदीची जाळी. पुलाच्या भिंतीवरून चालायचं तर ती भिंत वीतभर रुंद. राहिलं वरलं पाणी. आणि रोगामुळं गुऱ्हाळ बंद, म्हणजे काहील मोकळी.

मला बरोबर का नेलं, तर तोलासाठी. काहील गोल असते. एका कडेला अप्पा उभे राहिले, दुसऱ्या कडेला अक्का बसली, तर तिसरीकडं कुणीतरी हवं. चुलते जड होते, त्यांच्या वजनानं काठ पाण्याला टेकला असता. शिवाय काठावरून आत येणारं पाणी तांब्यानं बाहेर टाकायला कुणीतरी लागणारच. अव्वा नको म्हणत होती. मी हट्ट केला. मला अक्का पाहिजे होती.

हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे. अक्काचं लग्न झाल्यापासून माझा दाजींवर राग होता. दाजी म्हणजे तिचा नवरा. माणूस अगदी साधा, हसरा. मला 'फुटाणे' म्हणायचे, कारण मी भट्टीतल्या हरभऱ्यासारखी तडतडायची. पहिल्यांदा तसं म्हणाले तेव्हा मी अक्कापाशी रडून आकाशपाताळ एक केलं, म्हणून अप्पांसमोर म्हणत नसत. फक्त अक्का आणि मी असताना म्हणत. त्या चिडवण्यामुळं माझा राग नव्हता. त्यांनी अक्का नेली म्हणून होता. ती गेल्यापासून माझी वेणी अव्वा घालायची, आणि अव्वाचा हात म्हणजे उसाची पाचट सोलणारा हात. रात्री कुशीत घ्यायला कुणी नव्हतं. दाजी आले की मी गोठ्यात जाऊन बसायची.

त्या दिवशी अप्पांनी आणि दोघा चुलत्यांनी काहील कडेवर उभी करून गडगडत पाटापर्यंत नेली आणि पाण्यात आडवी केली. नुकतं उजाडलं होतं. धुकं इतकं दाट होतं, की पाट कुठं संपतो आणि पूल कुठं सुरू होतो ते पाण्याचा आवाज बदलला तेव्हा कळलं. चुलते अलीकडं थांबले. जाताना प्रवाह उलटा होता. अप्पांनी रस ढवळायचं लांब लाकडी फावडं भिंतींना रेटत काहील पुढं काढली. मी खाली वाकून बसले होते. लोखंड गार पडलेलं, आणि तरी त्याला गुळाचा वास येत होता.

निरोप आधीच गेला होता, ठरल्याप्रमाणं पलीकडं दाजी गाडी घेऊन उभे होते. अक्का गाडीतून उतरली. तिचं पोट एवढं मोठं झालं असेल असं मला वाटलं नव्हतं. चेहरा उतरलेला, आणि ती कुणाकडंच बघत नव्हती.

अप्पा म्हणाले, "तुम्ही बी चला की, पावणं. काहिलीत जागा हाय."

"न्हाय मामा," दाजी म्हणाले. "आईची कंबर धरलीया. तिला उठाया येत न्हाय. तिला टाकून कसा येऊ?"

"लईच दुखतंय काय?"

"थंडीचं असंल. चार दिसांत हुईल बरं."

अक्का खाली मान घालून गाठोड्याची गाठ सोडत होती आणि परत बांधत होती. अप्पा काहील धरायला खाली वळले तेव्हा दाजी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "फुटाणे, अक्काला नीट ने. काहिलीत तडतडू नगंस." मी तोंड फिरवलं. त्यांनी अक्काला हात धरून आत बसवलं, बैल वळवले आणि ते धुक्यात गेले. चाकांचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही गेला.

आता प्रवाह आमच्या बाजूचा होता. काहील आपोआप चालायची, अप्पांना फक्त ती भिंतीवर आपटू द्यायची नव्हती. पण गोल वस्तू सरळ कधी जात नाही. ती चालता चालता सावकाश फिरायची. मी कधी आमच्या गावाकडं तोंड करून असायची, कधी भिंतीकडं, कधी आलो त्या बाजूला. धुक्यात दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. थोड्या वेळानं मला कळेना, की आपण चाललोय कुठं, घरी की परत.

पूल सुरू झाला तसं अप्पांनी आमच्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं.

ओढा धुक्यानं काठोकाठ भरला होता. भिंतीपलीकडं जमीन नव्हतीच, नुसतं पांढरं. काहिलीचं बूड मधूनच दगडाला घासायचं आणि तो आवाज खालच्या कमानींत घुमून वर यायचा, पण लगेच नव्हे, थोडा मागून. आमच्या बरोबर खाली दुसरी एक काहील चालली आहे आणि तिच्यातही कुणीतरी गप बसलं आहे, असं मला वाटायला लागलं. मी तांब्यानं पाणी बाहेर टाकायची, तेव्हा खालूनही कुणीतरी पाणी टाकल्याचा आवाज यायचा. मी टाकायचं थांबवलं. खालचा आवाज थांबला नाही. पुलाच्या सांध्यांतून पाणी गळत असणार, हे मला आज कळतं.

आणि एक उंदीर. मेलेला, पोट फुगलेला, पाठीवर तरंगणारा. तो आमच्याच वेगानं, काहिलीला लागून चालला होता. अप्पांनी फावड्यानं त्याला मागं ढकललं, तर तो भिंतीला धडकून परत आमच्याजवळ आला. पुन्हा ढकलला, पुन्हा आला. मग अप्पांनी नाद सोडला. अक्कानं पदरानं नाक धरलं आणि दुसरा हात पोटावर ठेवला. मी तिच्या अंगाला चिकटून बसले. एवढी भीती वाटत होती आणि तरी मी खूश होते, हेही खरं. अक्का माझ्या शेजारी होती.

मधल्या खांबापाशी पोचलो असू, तेव्हा मागून हाक आली.

"ओ ऽऽ!"

अप्पांचं फावडं पाण्यातच थांबलं. नंतर ते एकदम जोरात रेटायला लागले. काहील भिंतीवर आपटली आणि सगळा पूल घणघणला. त्या घणघणाटात दुसरी हाक आली, जास्त जवळून आल्यासारखी.

"थांबा की! ओ ऽऽ, थांबा!"

बाईचा आवाज नव्हता. पण तिचा आवाज कसा असतो ते कुणाला ठाऊक होतं? अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांचा जबडा दाबलेला मला दिसत होता. एवढा मोठा माणूस, बैल उधळला तर शिंगं धरून थांबवणारा, तो आता आंधळ्यासारखा फावडं रेटत होता.

आणि त्याच वेळी काहील फिरली. माझं तोंड मागं आलं. धुकं तिथं थोडं विरलं होतं. पाटात मांड्यांपर्यंत उतरून एक माणूस उभा होता. डोकं उघडं होतं आणि फेटा सुटून हातात लोंबत होता. तो फेटा तो वर करून हलवत होता. चेहरा दिसत नव्हता.

"फुटाणे!" तो ओरडला. "ए फुटाणे!"

अक्कानं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की नखं रुतली. ती समोर बघत होती, आमच्या गावाकडं. तिनं मान वळवली नाही.

मला कळलं होतं. खांबातल्या बाईला ते नाव कुठून ठाऊक असणार? जगात मला त्या नावानं हाक मारणारा एकच माणूस होता. दहा वर्षांची होते म्हणून मी काही मूर्ख नव्हते. मी तोंड उघडलं असतं, नुसतं "दाजी" म्हटलं असतं, तरी अप्पांनी डोळे उघडून बघितलं असतं. पण पुलावर बोलायचं नव्हतं. शिवाय अक्कानं एवढं घट्ट धरलेलं, ती भ्यालीय, मी बोलले तर तिला काही होईल, असं वाटलं. ही दोन्ही कारणं मी पुढं अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. तिसरं कारण मी कुणालाही सांगितलं नाही. मला वाटलं, हे आले तर अक्का परत त्यांचीच होईल. खोपीत ती माझ्याजवळ झोपणार नाही.

मी गप्प बसले. काहील फिरली आणि माझ्यासमोर ओली भिंत आली.

चौथी हाक आली नाही.

अलीकडं चुलत्यांनी काहील ओढून घेतली. अप्पा काठावर मटकन बसले. मग म्हणाले, "ऐकली न्हवं? दोनदा, तीनदा. पर वळलो न्हाय." शेवटची हाक काय होती ते त्यांना कळलंच नव्हतं, काहिलीचा आवाज होता आणि ते नाव त्यांना ठाऊकही नव्हतं. चुलत्यांनी आमच्याकडं असं बघितलं, की जणू आम्ही वाघाच्या तोंडून आलोय. लगेच नारळ फुटला. अव्वानं अक्कावरून भाकरीचा तुकडा उतरून टाकला. मीही लाडकी झाले. त्या रात्री अक्का माझ्याजवळ झोपली. मी तिच्या पोटाला पाठ लावून झोपले, आणि बाळ आतून माझ्या पाठीत लाथा मारत होतं. मला छान झोप लागली. त्याची आज लाज वाटते, पण लागली.

पाचव्या दिवशी अक्काला मुलगा झाला. दाजींना निरोप पाठवायला माणूस मिळेना.

निरोप तिकडूनच आला, महिनाभरानं. दाजींच्या गावचे एक पिंजारी चाचा होते, आमच्या गाद्यांचा कापूस दर वर्षी तेच पिंजायचे. ते छावणीतून सुटून आले आणि खोपीपासून वीस पावलांवर उभे राहिले. जवळ या म्हटलं तरी येईनात. खांद्यावर पिंजायची कमान नव्हती, म्हणून मी त्यांना आधी ओळखलंच नाही.

तिथूनच त्यांनी अप्पांना सगळं सांगितलं. त्या सकाळी तपासणीची माणसं गावात आली होती. दाजींच्या आईला त्यांनी उचलून नेलं होतं आणि घरातल्या बाकीच्यांना शोधत होते. चाचांना दाजी गाडीसह वाटेत भेटले. चाचांनी सांगितलं, आई गेली छावणीत, आता तुझ्या मागं आहेत, पळ. दाजींनी गाडी तिथंच सोडली आणि पुलाकडं धावले. चाचाही त्यांच्या मागून गेले.

"तीन हाका मारल्या पोरानं," चाचा म्हणाले. "मग गप बसला पाटाच्या काठाला. मी म्हटलं, अजून मार की, जवळच हायती. तर म्हणतोय, ऐकलं चाचा त्येंनी. पर नेत न्हाईत. त्येंचं बी बरोबर हाय, माझ्या घरात रोग हाय. तिथंच बसला, तिथंच धरला त्येला. मला बी धरलं."

छावणीत गेले तेव्हा दाजी धडधाकट होते. ताप भरला तो तिथं, आठव्या दिवशी, आणि त्यातच ते गेले.

अप्पा ऐकता ऐकता उठून उभे राहिले. मग एकदम ओरडले, "मग नाव घ्यायचं की! माझं नाव घ्यायचं की त्येनं!"

"अण्णा, सासऱ्याचं नाव कसं घील त्यो?" चाचा म्हणाले.

"मग बायकोचं..." अप्पा म्हणाले आणि थांबले. खोपीत अक्का बाळाला पाजत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. रडण्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं बाळ रडायला लागलं.

पुढं अप्पांना एक सवय लागली. कुणी कुठूनही नुसतं "ओ" म्हटलं, रस्त्यावर कुणी दुसऱ्याच कुणाला बोलावलं, तरी ते हातातलं काम टाकून बाहेर यायचे आणि विचारायचे, "कोण? काय पायजे?" गावातली पोरं चेष्टेनं हाका मारून पळायची. अप्पा प्रत्येक वेळी यायचे. जेवणावरून उठून यायचे. अव्वा पोरांना शिव्या द्यायची, पण अप्पांना कधी काही म्हणाली नाही. आणि ती काहील त्यांनी परत चुलवणावर चढवली नाही. नवी आणली.

मी कुणाला काही सांगितलं नाही. आधी मार पडेल म्हणून. मग अक्काला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही म्हणून. मग इतकी वर्षं गेली, की सांगायचं कसं तेच कळेना. मी कोल्हापुरात शिकले, पुढं मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. तिथं मुली मला तापट म्हणून घाबरायच्या. कुणी मागून नुसतं "बाई" म्हटलं की मी दचकायची आणि मग उगाच तिच्यावर खेकसायची. त्या बिचाऱ्यांना काय माहीत?

अक्का माहेरीच राहिली. तिनं मुलाला वाढवलं, अप्पांच्या मागं गुऱ्हाळ तिनंच चालवलं. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा महाराज अजून गादीवर होते. लग्नाला मी चार दिवस आधी गेले. देवाला पत्रिका ठेवायला दाजींच्या गावी जायचं होतं. पाट त्या साली कोरडा होता, वरच्या अंगाला बांध फुटला होता आणि दुरुस्ती चाललेली. अक्का म्हणाली, "उताराला कशाला जायाचं? वरल्या पाण्यातनं जाऊया की." मला नको होतं. पण तिला नाही म्हणायची मला कधीच सवय नव्हती.

भर दुपार होती. पाटाचा तळ वाळून तडकलेला, दोन्ही बाजूंना भिंती आमच्या छातीएवढ्या. आम्ही एकामागून एक चाललो होतो, बोललो नाही. पाण्याशिवाय त्या पुलाला काही आवाजच नव्हता. आमची पावलंसुद्धा खालून परत येत नव्हती. पहिल्यापेक्षा हे जास्त वाईट होतं. मधल्या खांबावर आलो आणि अक्का थांबली. तिनं मागं हात केला आणि माझं मनगट धरलं. अगदी त्याच जागी.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, मला तुला एक सांगायचं हाय."

"ठावं हाय," ती म्हणाली. "तुझं तोंड मागं हुतं. तू त्येंस्नी वळखलंस."

मी भिंतीला टेकले.

"मी बी आवाज वळखला हुता. फुटाणे म्हणून त्येच हाक मारायचे की. तू तोंड उघडशील म्हणून तुझा हात धरला मी. भ्याले म्हणून न्हवं."

"का गं?"

"सासूच्या जांघंत गाठ आलीती. आदल्या रात्री मी बघितलीती. त्येंनी मला सांगितलं, अप्पास्नी बोलू नगंस, न्हायतर तुला बी न्हेणार न्हाईत." ती अजून माझ्याकडं बघत नव्हती. "पोटात ह्यो हुता. त्येंस्नी काहिलीत घेतलं असतं तर खोपीत तू हुतीस, अव्वा हुती. मला एवढंच सुचलं. त्येंच्या अंगात तवा काय नव्हतं, हे चाचा आल्यावर कळलं."

मी रडायला लागले. वीस वर्षं मी जे एकटीचं म्हणून वागवलं होतं ते तिच्याकडंही होतं, आणि दर सुट्टीत एका घरात राहून, एका ताटात जेवून आम्ही दोघींनी एकमेकींना ते दिसू दिलं नव्हतं. मला तिचा राग आला. खरंच आला. मग तिच्याकडं बघितलं. केस पिकायला लागले होते, आणि वीस वर्षांत तिनं एकदाही त्यांचा विषय काढला नव्हता. राग राहिला नाही.

"तू ल्हान हुतीस," ती म्हणाली. "तुझं काय बी न्हाय ह्यात. हे मी तुला आधीच सांगाया पायजे हुतं. धीर झाला न्हाय."

मग ती वळली. ज्या काठावर ते पाण्यात उभे होते त्या काठाकडं तोंड केलं, दोन्ही हात तोंडाजवळ नेले आणि हाक मारली. नावानं मारली. नवऱ्याचं नाव. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर त्या नावाचं पहिलं अक्षरसुद्धा तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. ते मी इथं लिहीत नाही, ते तिचं आहे.

इतका वेळ मुका असलेला पूल घुमला. कमानींतून तेच नाव परत आलं, एकदा मोठ्यानं, मग हळू, मग अगदी खाली ओढ्यात. आम्ही दोघी तिकडं तोंड करून उभ्या राहिलो, बराच वेळ.